आबांनी विचारलं तेव्हा

भावाचा, हरीओमचा, फोन आला तेव्हा राखी वर्गात होती. पुढच्या आठवड्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली दवाखान्यात वॉर्डावर जाणार होत्या आणि त्याआधी दरवर्षी ती हा एक तास घ्यायची. पुस्तकात या तासाला नाव नव्हतं. ती मुलींना गोल करून बसवायची आणि विचारायची, मरण पाहिलंय का कुणी जवळून? मग एखादी आजीचं सांगायची, एखादी विहिरीत पडलेल्या मावसभावाचं. रडणारीला राखी रडू द्यायची. तिच्या वेळी असं कुणी बसवून विचारलं नव्हतं. तिचा पहिला पेशंट गेला तेव्हा सिस्टरनं तिला तोंड धुऊन यायला सांगितलं, आणि आल्यावर शेजारच्या पलंगाचं सलाईन बदलायला लावलं. आपल्या मुलींच्या वाट्याला ते येऊ नये, एवढाच तिचा हट्ट.

ती सांगत होती की मरणारा माणूस कधीतरी विचारतो, मी वाचेन का. घरच्यांना विचारत नाही, त्यांची तोंडं पाहून गप्प बसतो, तुम्हाला विचारतो. तेव्हा घाईनं बोलू नका. त्यालाच विचारा, तुम्हाला काय वाटतं? त्याला जेवढं ऐकायचं असेल तेवढंच सांगा, पण खोटं सांगू नका. खरं कळलं की माणूस आधी हादरतो आणि मग निवतो. कुणाला भेटायचं असेल त्याला बोलावून घेतो. हे तिनं वॉर्डात अनेकदा पाहिलं होतं, म्हणून आवाजात शंका नव्हती.

खिडकीपाशी तिची भाची प्रणाली बसली होती. हरीओमची थोरली. तिची बोलायची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी नाही पाहिलं अजून," आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तेवढ्यात फोन थरथरला. अकोल्याच्या डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं होतं. अन्ननळीतली गाठ छातीत पसरली होती, आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हरीओम एवढंच म्हणाला, "तू ये. आन प्रणालीले संगं आन. इतकं शिकून राह्यली, आता तिचा उपेग होईन."

दोघी गावाकडं, रिठदला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. दोन्हीकडे तुरी सोंगून झाल्या होत्या, कुठं कुठं मळणीचं यंत्र, हडंबा, लागला होता आणि मळणीचा पिवळा भुसा रस्त्यावर उडत होता. राखीला सारखा आपला बाप शालिग्राम आठवत होता. सासर सोडून ती माहेरी आली त्या वर्षी भावकीतली माणसं शालिग्रामला सांगत होती की पोरीला समजावून परत धाड. त्यानं कुणाशी वाद घातला नाही. सकाळी उठून तिला वाशीमला नेलं आणि नर्सिंगला नाव घातलं. परतताना म्हणाला, लोकाचं गू-मूत काढून का होईना, आपल्या पायावर उभी राह्य. पुढं तिनं तोच रस्ता प्रणालीला दाखवला, तेव्हा वहिनी सोनीबाई बिथरली. आपल्या पोरीनं परक्या बाप्यांची अंगं पुसावीत हे तिला पटत नव्हतं. तेव्हाही शालिग्रामच मधे पडला. नातीची बॅग घेऊन तो स्वतः होस्टेलला आला होता. सोनीबाई नणंदेशी कामापुरतं बोलायची ती तेव्हापासून.

हरीओम फाटकातच उभा होता. दोघींना त्यानं आत जाऊ दिलं नाही, बाजूला कडब्याच्या गंजीकडे नेलं.

"बाबाईले काही मालूम नाही," तो म्हणाला. "घसा सुजला, औषधानं उतरन, असं सांगतलं. तेच सांगाचं. मायले बी बजावलं मी."

"त्यांनी विचारलं तर, दादा?"

"नाही विचारत. तुमी तोंडं पाडू नका म्हंजे नाही विचारत."

राखीनं होकार दिला नाही आणि नाकारलंही नाही. हरीओमचे डोळे लाल होते. दोन आठवडे तो अकोल्याच्या दवाखान्यात फरशीवर झोपला होता. त्याच्याशी तिथं उभं राहून भांडायची तिची छाती झाली नाही.

आत शालिग्राम भिंतीला उशा लावून बसला होता. निम्म्यानं वाळला होता. शर्टाची कॉलर मानेभोवती घागऱ्यासारखी फिरत होती. पण दोघींना पाहून हसला. आवाज बसला होता, हवा जास्त आणि शब्द कमी. "आल्या का दोन्ही डॉक्टरनी," तो म्हणाला. मग प्रणालीला जवळ बसवून त्यानं हरभऱ्याला पाणी कोण देतंय, तूर किती क्विंटल उतरेल, असलं सगळं सांगितलं. तूर निघाली की उठून शेतात जाईन म्हणाला. राखीची आई चतुराबाई त्याच्या पायाशी बसून होती. तो शेताचं बोलू लागला की ती तोंड वळवून लुगड्याच्या पदरानं पलंगाची दांडी पुसायची.

नाकातून अन्न द्यायची नळी त्यानं अकोल्यातच उपसून टाकली होती. पाणी चमच्यानं, तेही निम्मं परत. प्रणालीनं पहिल्या दिवसापासून त्याचं सगळं हाती घेतलं. ओल्या कापसानं तोंड पुसायची, कुशीवर वळवायची, दुखण्याची गोळी चुरून जिभेखाली ठेवायची. सोनीबाई दारातून पाहायची. एकदा ती राखीला नुसतं म्हणाली, "हात हलका हाये इचा," आणि निघून गेली. वहिनीच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ होतं. राखीला वाटलं, या मरणात निदान या दोघी मायलेकी जवळ येतील.

भांडण सलाईनवरून झालं. बाप उपाशी आहे हे हरीओमला बघवत नव्हतं. तो रिसोडहून बाटल्या घेऊन आला आणि प्रणालीला म्हणाला, लाव. प्रणालीनं आत्याकडे पाहिलं. राखीनं समजावून सांगितलं की या अवस्थेत शरीर पाणी वापरत नाही, ते छातीत साचतं आणि माणसाला बुडाल्यासारखं होतं. भूकही त्यांना आता आपल्यासारखी लागत नाही.

"म्हंजे उपाशी मारू?"

"तसं नाही, दादा."

"मंग कसं? तू वाशीमले बसून पोरीईले हेच शिकवतं का, का मानसाले पानी बी नका देऊ?"

चतुराबाई या वेळी मुलीच्या बाजूनं बोलली. म्हणाली, ह्यांचे हात पाहा, सुया टोचून निळे झाले, आता टोचू नका. हरीओमनं बाटल्या कोपऱ्यात ठेवल्या आणि हडंब्यावर निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो घरात आला नाही. सोनीबाईनं त्याचा डबा शेतात धाडला, आणि राखीला ऐकू जाईल असं म्हणाली की बाप ज्याचा, जीव त्याचाच तुटतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालिग्रामनं विचारलं.

राखी कोमट पाण्याची वाटी घेऊन दारात आली होती. चतुराबाई न्हाणीघरात न्हात होती. प्रणाली आजोबाच्या पाठीला तेल लावून त्याला परत टेकवत होती, आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"पोरी, मी वाचतो का?"

प्रणालीचा हात थांबला. मग तिनं स्टूल ओढलं, त्याच्या डोळ्यांसमोर बसली. शिकवलं होतं अगदी तसं. "तुमाले काय वाटते, आबा?"

"मले वाटते का मी उठतो. पन हे सारे माह्याशी लय गोड बोलून राह्यले. हरीओम कधी बोलला का असा माह्याशी? तू सांग. हे सांगतात ते नको सांगू."

प्रणालीनं वर पाहिलं. दारात आत्या होती. राखी एक शब्द बोलली असती, नुसती खोकली असती, तरी ती वेळ टळली असती. पण तिच्यापुढं बाप स्वच्छ विचारत होता, आणि आयुष्यात त्यानं तिला एकदाही फसवलं नव्हतं. तिनं मान डोलावली. सांग.

"नाही, आबा," प्रणाली म्हणाली. "हे आता बरं नाही होत. पन मी हाये तुमच्यापाशी. दुखू नाही देत तुमाले."

शालिग्राम तिच्याकडे पाहत राहिला. राखी वाट पाहत होती. हादरणं येईल, मग निवणं येईल. तो कुणाला बोलवायला सांगेल, शेताचं काही सांगेल, कदाचित रडेल.

तो थरथरायला लागला. आधी हनुवटी, मग खांदे, मग सगळं अंग. पलंगाची फळी भिंतीवर खटखट वाजू लागली. त्यानं पाय खाली टाकले, उठायला गेला आणि प्रणालीच्या अंगावर कोसळला. "हरीओम," तो त्या हवेच्या आवाजात ओरडत होता, "गाडी आन. नागपूरले ने मले. मले मराचं नाही. ने मले." चतुराबाई ओल्या केसांनी धावत आली. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचं धोतर ओलं झालं होतं.

गावात ज्याच्या शब्दावर भांडणं मिटत, जो मुलीच्या मोडलेल्या संसारापुढं ताठ उभा राहिला, त्या माणसाला राखीनं असं पाहिलं. वॉर्डात तिनं पाहिलेली माणसं दुसऱ्यांची होती. ती निवली तेव्हा राखी जवळ होती. न निवलेली कदाचित तिची ड्यूटी संपल्यावर गेली असतील.

हरीओम शेतातून आला तो चपलांसकट घरात शिरला. "कोनं सांगतलं?"

"मी," प्रणाली म्हणाली.

"मी सांगाले लावलं," राखी म्हणाली. "तिले काही बोलू नको."

हरीओमनं हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. तो बहिणीला म्हणाला, "कालपर्यंत माहा बाप शेताचं बोलत होता. दोन रोज अजून बोलला असता. तेवढं बी तुले पाहावलं नाही." मग त्यानं तिला खोलीबाहेर जायला सांगितलं. राखीनं आईकडे पाहिलं. काल सुया टोचू नका म्हणणारी चतुराबाई आज मुलाच्या बाजूला सरकून उभी होती. सोनीबाईनं दार लोटून घेतलं. राखीला बापाजवळ जायची मनाई झाली ती अशी, कुणीही ती मोठ्यानं बोलून न दाखवता.

प्रणालीलाही त्यांनी बाहेर काढलं असतं. पण शालिग्राम तिचं मनगट सोडेना. सोनीबाईनं बोटं उचकटायचा प्रयत्न केला तर तो लहान पोरासारखा विव्हळला. त्याला नातीचा आधार वाटत होता असं नव्हतं. त्याच्या लेखी मरणाचा निकाल तिनं दिला होता, आणि आता तीच तो फिरवू शकत होती. तो पुन्हा पुन्हा तिला विचारायचा, "आता पाह्य. आता काय वाटते तुले?" प्रणाली नाडी पाहायची, कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "तेच, आबा." तो डोळे मिटायचा. थोडा वेळ गेला की पुन्हा मनगट दाबायचा. "आता?"

नागपूरला नेण्यासारखी स्थिती नव्हती हे गाडी घेऊन आलेल्या माणसानंही सांगितलं. हरीओमनं शेवटी गावातल्या कंपाउंडरला बोलावून सलाईन लावून घेतलं. कुणी राखीला विचारलं नाही. रात्रभर ती न्हाणीघराच्या ओट्यावर बसून बंद दाराआडचा आवाज ऐकत राहिली. सकाळपर्यंत छातीत घरघर सुरू झाली. बाटली काढा, डोकं वर करा, कुशीवर वळवा, हे ती दाराला तोंड लावून सांगत होती. आतून प्रणाली म्हणाली, "केलं, आत्या," आणि तो आवाज इतका सपाट होता की राखी दारापासून मागं सरली.

उन्हं ओट्यावर आली तेव्हा चतुराबाईनं दार उघडलं. हरीओम भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपला होता, सोनीबाई चुलीपाशी होती. चतुराबाई बाजूला झाली. राखी आत गेली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

प्रणालीचं मनगट काळंनिळं झालं होतं. ती ताठ बसली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, झोपही नव्हती. शालिग्रामनं डोळे उघडले. घरघरीतून त्याचा शब्द कळत नव्हता, पण ओठ तेच म्हणत होते. आता?

प्रणालीनं नाडी पाहिली नाही. कपाळावर हात ठेवला नाही.

"उठता तुमी, आबा," ती म्हणाली. "तूर निघाली का आपुन दोघं जाऊ वावरात."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. राखीला आयुष्यभर विसरता येणार नव्हती अशी ती नजर. एवढ्या माणसांत एकच माणूस खरं बोलत होतं, आणि आता तेही बाकीच्यांत जाऊन बसलं होतं. त्यानं तिचं मनगट सोडलं. इतका वेळ कुणाला न उचकटता आलेली बोटं आपणहून उघडली. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. चतुराबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, नाव घ्यायचं नाही म्हणून नुसतं "अहो, अहो" करत राहिली. तो वळला नाही. दुपारच्या आत गेला.

अग्नी देऊन माणसं परतली, राख सावडली, आणि घरात बसायला येणाऱ्यांची रीघ लागली. बायका चतुराबाईच्या गळ्यात पडायच्या आणि मग हळूच इकडंतिकडं पाहायच्या. कोनती ती, सांगनारी? गावात पोचायचं ते पोचलं होतं. प्रणाली मागच्या अंगणात भांडी घासत बसायची. राखी तिच्याजवळ जाऊन बसली.

"मी शेवटी खोटं बोलली, आत्या."

"ऐकलं मी."

"मले होत नव्हतं आता. मले वाटलं, एकडाव म्हनून टाकू, त्याले बरं वाटन." ती कढई घासत राहिली. "खरं सांगतलं तवा भेला. खोटं सांगतलं तवा सोडून गेला. मंग काय सांगाले पायजे होतं?"

इतक्या वर्षांच्या मुलींचे चेहरे राखीपुढून गेले. त्या सगळ्यांना तिनं उत्तर देऊन पाठवलं होतं. "मले नाही मालूम, बाई," ती म्हणाली.

प्रणालीनं मान डोलावली, जणू तिला हेच अपेक्षित होतं. रडली नाही. ती रडेल आणि मग आपण तिला जवळ घेऊ असं राखीला वाटत होतं. पण पोरीनं कढई विसळली आणि दुसरं भांडं घेतलं. राखीला धसका बसला तो त्या हातांचा. हात अजिबात थरथरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनीबाई प्रणालीची बॅग भरून बाहेर घेऊन आली.

"राखीबाई, इले घेऊन जा."

राखीला आधी कळेना. पोरीला या कामातून सोडवायला ही बाई दीड-दोन वर्षं भांडली होती. "वहिनी, तेरवीपर्यंत तरी राहू द्या. घरची पोरगी हाये. लोक काय म्हनतीन?"

"राह्यली तर काय म्हनतात ते आयकून राह्यली मी." सोनीबाईचा आवाज फाटला, पण तिनं तो सावरला. "ह्यायले हे पोरगी समोर दिसली का जेवन जात नाही. पाहत नाहीत तिच्याकडं. तिचं बी इथं मन नाही राह्यलं. मी माय हाये, मले समजते. दवाखान्यात कोनी मेलं तर इचं नाव नाही घेनार कोनी. तिथंच राहू द्या."

नणंदेच्या हातात तिनं मुलीचा हात दिला. इतक्या वर्षांत दोघी पहिल्यांदा एका मताच्या झाल्या होत्या.

प्रणाली आजीला भेटून आली. चतुराबाईनं तिला पोटाशी धरलं, पण थांब म्हणाली नाही. हरीओम ओसरीत सतरंजीवर बसला होता, मुंडण केलेला, उघड्या डोक्यानं एकदम बापासारखा दिसत होता. भेटायला आलेले दोघंतिघं त्याच्याजवळ होते. प्रणाली त्याच्यासमोर गेली आणि पायाशी वाकली.

त्यानं पाय आत ओढून घेतले.

"सुतकात पाया पडत नसतात," तो म्हणाला.

ते खरंच होतं. बसलेल्यांपैकी एकानं मानही डोलावली. प्रणाली वाकली होती तशी सरळ झाली, बॅग उचलली आणि आत्याच्या पुढं फाटकाबाहेर पडली.